थंडी सोसणारं रोप वेगळं, थंडी मागणारं रोप वेगळं



आज आपल्या शिवारात नसलेल्या एका फुलझाडाबद्दल लिहितोय. हेलेबोर त्याचं नाव. तुम्ही म्हणाल, शेवंती-निशिगंध सोडून हे कुठलं काढलं? तर गेल्या दीड महिन्यात मला चार जणांनी एकच फोटो पाठवला. सगळीकडे बर्फ पडलाय आणि बर्फातून पांढरं फूल वर आलंय. खाली जाहिरात, की उणे तीस अंशातही टिकणारं रोप, भर हिवाळ्यात फुलतं, लग्नसराईत पैसे करा. एका रोपाचा भाव साडेतीनशे रुपये.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका तरुण पोरानं पाच गुंठ्यांसाठी दोन हजार रोपांची चौकशी केली. सात लाख नुसते रोपांचे झाले. त्यातले चार लाख कर्ज काढायची तयारी. पोरगा कष्टाळू आहे, शिकलेला आहे. त्याचं म्हणणं असं, "काका, जे उणे तीस सोसतं, त्याला आपली आठ-नऊ अंशाची थंडी काय करणार? आपल्याकडं तर ते आणखी सुखात राहील."

ऐकायला बरोबर वाटतं ना? ह्याच वाक्यात सात लाख बुडायची सोय आहे. म्हणून लिहितोय. माझं मत पहिल्यांदाच सांगतो. झाड थंडी सोसतं का, हा एक प्रश्न. झाड थंडी मागतं का, हा दुसरा. जाहिरातवाला पहिल्याचं उत्तर देतो आणि दुसऱ्याचं गिळून टाकतो. आपणही विचारत नाही.

मला हेलेबोरची माहिती कशी, ते आधी सांगतो. आमची भाची लग्न होऊन इंग्लंडात गेली, लीड्स शहरात असते. पुरंदरची मुलगी, फुलाशिवाय करमत नाही. घरामागं खोलीएवढी जागा आहे, तिथं तिनं तीन जातीची हेलेबोर लावलीत. मी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं, बाळ, नुसते फोटो पाठवू नकोस, कळी कधी दिसली, फूल कधी उमललं, त्या आठवड्यात थंडी किती होती, ते वहीत लिही. तीन हिवाळे झाले, पोरगी इमानानं लिहितेय. तिची वही आणि मी वाचलेलं, दोन्ही जुळवून हे लिहितोय.

तर झाड काय आहे बघा.

हेलेबोर हे बहुवार्षिक फुलझाड, सहसा ठेंगणंच राहतं. ह्याच्या साधारण वीस जाती. मूळ घर युरोप आणि तुर्कस्तान-कॉकेशसचा पट्टा, एक जात चीनमध्ये. कूळ आपल्या कलौंजीचं. पानं जाड, गडद हिरवी, हाताच्या बोटांसारखी फाटलेली. फूल पाच पाकळ्यांचं दिसतं, पण त्या पाकळ्या नाहीत, निदलं आहेत. म्हणजे कळीला बाहेरून झाकणारा भाग असतो ना, तोच इथं मोठा आणि रंगीत होतो. खऱ्या पाकळ्यांची बारीक नळकांडी झालीत आणि त्यात मध असतो. म्हणूनच हे फूल झाडावर महिना-दीड महिना टिकतं. पाकळी गळते, निदल गळत नाही. बी भरेपर्यंत ते तसंच राहतं, नुसतं हिरवट होत जातं.

तीन जाती ओळखून ठेवा, कारण जाहिरातीत तिन्हीची खिचडी केलेली असते.

पहिली नायगर. आल्प्स डोंगराची. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, दक्षिण जर्मनी, उत्तर इटली, स्लोव्हेनिया ह्या भागात रानात वाढते. फूल पांढरं, जुनं झालं की गुलाबी. हिलाच तिकडं नाताळचा गुलाब म्हणतात. गुलाबाशी हिचं काही नातं नाही.

दुसरी संकरित. ओरिएंटालिस नावाची जात ग्रीस, तुर्कस्तान, कॉकेशसकडची. तिच्यापासून आणि तिच्या भाऊबंदांपासून ही तयार केली. पांढरा, गुलाबी, जांभळा, पिवळा, जवळजवळ काळा, ठिपक्यांचा, दुहेरी, सगळे रंग ह्यातच मिळतात. अमेरिकेतल्या बहुवार्षिक फुलझाडांच्या संघटनेनं २००५ साली हिलाच वर्षाचं झाड म्हणून निवडलं होतं. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास असतो, त्या सुमारास फुलते म्हणून हिचं नाव त्या उपवासावरून पडलं.

तिसरी फिटिडस. पश्चिम युरोपातली, इंग्लंडातही रानात सापडते. फूल हिरवं, कडेला लाल रेघ. पान चुरगळलं तर वास घाण येतो. हिला उभं खोड असतं. एका वर्षी खोड वाढतं, पुढच्या हिवाळा-वसंतात त्याच खोडाच्या शेंड्याला फुलं येतात, मग ते खोड मरतं आणि बुडातून नवीन येतं. नायगर आणि संकरितला असं खोड नसतं, त्यांची पानं आणि फुलांचे दांडे थेट जमिनीतून निघतात.

आता फुलायची वेळ.

भाचीनं पहिलं नायगर दुकानातून आणलं तेव्हा डिसेंबरचा पहिला आठवडा होता आणि कुंडी फुलांनी भरलेली होती. तिला वाटलं, वा, नाताळचा गुलाब नाताळात फुलतो. पुढच्या वर्षी तेच झाड जमिनीत लावलेलं, तर पहिलं फूल जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. त्याच्या पुढच्या वर्षी थंडी जास्त लांबली, तर जानेवारी संपताना. मग दुकानातलं डिसेंबरला कसं फुललं? उत्तर सोपं आहे. रोपवाटिकेवाल्यानं लवकर फुलणारा वाण निवडला आणि झाडाला थंडी आणि ऊब ठरवून दिली. 'जेकब' नावाचा एक वाण तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे, नोव्हेंबर-डिसेंबरला फुलतो. बाकी साधं नायगर इंग्लंडात उघड्यावर जानेवारी ते मार्च.

संकरित तिच्याकडं फेब्रुवारीत चालू होतं, ते एप्रिलपर्यंत. फिटिडसच्या कळ्या तर जानेवारीतच शेंड्याला लोंबायला लागतात आणि एप्रिलपर्यंत तो तुरा हिरवा राहतो.

वहीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. ज्या वर्षी थंडी लांबली, त्या वर्षी फूल उशिरा आलं. हिवाळा सौम्य गेला, त्या वर्षी लवकर. म्हणजे फार कडक थंडीत फुलाचा दांडा थांबून राहतो, मरत नाही, आणि थोडी ऊब मिळाली की पुढं सरकतो. मग कुणी म्हणेल, बघा, म्हणजे ऊब दिली की लवकर फुलतं, मग आपल्याकडं तर धावत फुलेल!

इथंच घोटाळा होतो. कळी काही जानेवारीत तयार होत नाही. ती आदल्या उन्हाळ्यात आणि शरदात, जमिनीलगतच्या गड्ड्यात आत तयार होऊन बसते. बाहेर काही दिसत नाही. ती कळी नीट जागी व्हायला, दांडा उंच व्हायला, आधी बरेच आठवडे गारवा लागतो. कडक बर्फच पाहिजे असं नाही, पण दिवसरात्र गारवा पाहिजे. तो गारवा मिळाल्यानंतर मग ऊब कामाला येते. गारव्याशिवायची ऊब म्हणजे नुसती पानं, किंवा जमिनीला चिकटलेली ठेंगणी, मोजकी फुलं.

हे आपल्याला नवीन आहे का? अजिबात नाही. कांदेवाल्याला विचारा.

रांगड्या कांद्याला डेंगळे का येतात? रोप ठरावीक जाडीचं झालं आणि त्याला काही आठवडे गार रात्री मिळाल्या की कांदा म्हणतो, आता बी धरायची वेळ झाली. आपल्याला डेंगळा नको असतो, म्हणून आपण थंडीला शिव्या देतो. पण जो कांद्याचं बी करतो, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदे लावतो, कारण त्याला तीच थंडी पाहिजे असते. झाड एकच, थंडी एकच, एकाचं नुकसान आणि दुसऱ्याचं पीक.

फुलकोबीचं बघा. स्नोबॉल प्रकारच्या, उशिराच्या फुलकोबीचं बी आपल्या मैदानात का होत नाही? त्यासाठी हिमाचलच्या कुल्लू खोऱ्यात का जावं लागतं? थंडीच. युरोपात शरदात पेरतात तो हिवाळी गहू आपल्याकडं आणून पेरला तर? पानंच पानं, ओंबीची वाट बघत बसा. आपला गहू चालतो कारण तो थंडी मागणाऱ्या गटातला नाही, त्याला नुसतं गार हवामान मानवतं.

आणि दुसऱ्या बाजूला केळी. केळीला जळगाव भागात थंडीचा चरका बसतो. निफाडला पारा खाली गेला की द्राक्षवाले पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. तिथं प्रश्न सोसायचा. केळी थंडी मागतही नाही आणि सोसतही नाही. हेलेबोर सोसतंही आणि मागतंही. दोन्ही खाती वेगळी मांडा, म्हणजे हिशोब चुकणार नाही.

आता ते 'उणे तीस' कुठून आलं, ते बघू.

अमेरिकेच्या शेती खात्यानं एक नकाशा काढलाय. १९६० साली पहिल्यांदा, आणि अलीकडे २०१२ आणि २०२३ ला सुधारून. त्यात हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड रात्रीचा पारा सरासरी किती खाली जातो, त्यावर देशाचे पट्टे पाडलेत. चार नंबरचा पट्टा म्हणजे साधारण उणे ३४ ते उणे २९ सेल्सिअस. पाच नंबर उणे २९ ते उणे २३. आठ नंबर उणे १२ ते उणे ७. नायगर चार नंबरपर्यंत तग धरतं असं सांगतात, तिथून ते उणे तीस उचललं. संकरित चार-पाचपर्यंत, फिटिडस पाच-सहापर्यंत. कोर्सिका आणि सार्डिनिया बेटांवरची एक जात आहे, ती सहा-सातच्या खाली धोक्यात येते. माजोर्का बेटावरची तर त्याहून नाजूक. म्हणजे हेलेबोर म्हटलं की सगळीच उणे तीस सोसणारी, हेही खोटं.

पण मुख्य मुद्दा वेगळा आहे. हा नंबर फक्त एवढंच सांगतो की कडाक्याच्या रात्री झाड मरेल का नाही. फुलेल का, हे तो सांगत नाही. उन्हाळ्यात जगेल का, हेही सांगत नाही. त्यात पावसाळ्याचा हिशोब नाही. तिकडच्या रोपवाल्यांच्या कागदावर 'चार ते आठ' किंवा 'पाच ते नऊ' असे दोन आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा थंडीचा. दुसरा आकडा सांगतो की ह्याच्या पुढच्या गरम पट्ट्यात लावू नका. आपल्याकडच्या जाहिरातीत पहिला आकडा ठळक छापला आणि दुसरा गायब. आमचं पुरंदर त्या नकाशात बसवलं तर दहा-अकराच्या घरात जाईल. म्हणजे कागद जिथं संपतो, तिथून पुढं आपण चालू होतो.

थंडी हे झाड सोसतं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. कडाक्याच्या पहाटे हेलेबोरचे दांडे आणि पानं जमिनीवर आडवी पडतात, अगदी उकळतं पाणी ओतल्यासारखी. भाचीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा रडकुंडीला येऊन फोन केला, "मामा, सगळं मेलं." मी म्हटलं, दुपारपर्यंत थांब, कात्री लावू नकोस. दुपारी ऊन पडलं, दांडे उभे. पेशीतलं पाणी बाहेर सरकतं, त्यामुळं पेशीच्या आत बर्फ होऊन ती फुटत नाही. गोठण उतरली की पाणी परत आत येतं आणि दांडा ताठ होतो. आपल्याकडं भर उन्हात भोपळ्याची पानं माना टाकतात आणि संध्याकाळी उठतात ना, दिसायला तसंच.

आणखी एक गंमत, कृषीवाल्या मंडळींसाठी. फिटिडसच्या फुलातल्या मधात यीस्ट वाढतं. ते साखर खातं आणि त्यातून ऊब तयार होते, फूल बाहेरच्या हवेपेक्षा काही अंशांनी गरम राहतं. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१० साली हे मोजून छापलं. एवढ्या थंडीत बाहेर पडणाऱ्या भुंगेरी माशीला ते फूल म्हणजे खाऊ आणि शेकोटी एकाच जागी. ह्या झाडाचं सगळं आयुष्य थंडीशी बांधलेलं आहे, थंडी काढून घेतली तर त्याचं गणितच मोडतं.

बियाचंही तसंच. बी मे-जूनमध्ये पिकून पडतं. पण त्यातलं पिल्लू अजून कच्चं असतं. त्याला आधी उन्हाळ्याची ऊब लागते, मग हिवाळ्याचा गारवा, तेव्हा कुठं पुढच्या हिवाळ्याच्या शेवटी कोंब दिसतो. ताजं बी लगेच पेरलं तर हे चक्र नीट फिरतं. बी सुकवून, डब्यात ठेवून, सहा महिन्यांनी पाकिटातून विकलं तर झोप गाढ होते, उगवायला वर्षभर जास्त लागू शकतं. आणि उगवल्यावरही पहिलं फूल यायला दोन ते तीन वर्षं. म्हणून ती शंभर रुपयाला दहा बियांची पाकिटं मिळतात ना, ती बघून पाठ फिरवा.

जिथं हे झाड खरंच चालतं, तिथं करतात कसं? लीड्सच्या घरामागचंच सांगतो. भाचीनं संकरित झाडं सफरचंदाच्या झाडाखाली लावलीत. हिवाळ्यात सफरचंदाची पानं गळालेली असतात, त्यामुळं फुलायच्या वेळी ऊन मिळतं. उन्हाळ्यात तेच झाड सावली धरतं. जमीन निचऱ्याची पाहिजे, पाणी साचलं की गड्डा कुजतो. चुनखडीची जमीन नायगरला मानवते. गड्डा खोल गाडायचा नाही, नाहीतर फुलं कमी. संकरितची जुनी पानं डिसेंबर-जानेवारीत, कळ्या वर यायच्या आधी, बुडापासून कापून काढायची. त्यानं दोन फायदे. फूल दिसतं, आणि पानावरचा काळ्या ठिपक्यांचा बुरशीरोग नव्या पानावर चढत नाही. पानावर आणि शिरांवर काळ्या रेघा पडून झाड वेडंवाकडं झालं, तर तो विषाणू समजायचा आणि झाड उपटून टाकायचं. मावा तो पसरवतो, औषध नाही. तिकडच्या उन्हाळ्यात दुपारी पारा वीस-एकवीस असतो. हिवाळ्यात जानेवारीत दुपारी सहा-सात आणि रात्री एक-दोन.

आता आपल्या जानेवारीचं बघा. पहाटे आठ-नऊ अंश, खरी थंडी. पण दुपारी? अठ्ठावीस-एकोणतीस. दिवसभरात गारव्याचे तास किती मिळाले? पहाटेचे चार-पाच. ते दुपारच्या उन्हानं पुसून जातात. वर एप्रिल-मेला अडतीस. मग जूनला पाऊस आणि उबट ओल, गड्डा कुजायला एकदम पोषक. ह्या झाडाला आपल्याकडं हिवाळा अपुरा, उन्हाळा जाळणारा आणि पावसाळा कुजवणारा. मग उणे तीस सोसणारी ताकद कुठल्या महिन्यात वापरायची?

ह्यावर त्या पोरानं मला विचारलं, "पॉलिहाऊसमध्ये गार करून?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देतो. आपलं फॅन-पॅड कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा काही अंश खाली आणतं. अडतीसचं तीस होईल. पण त्याला पाच-सहा अंश आठवडेच्या आठवडे धरता येत नाही. त्यासाठी शीतगृह पाहिजे. ट्युलिपचे कांदे असे बारा-चौदा आठवडे गार ठेवतात आणि मग लावून फुलवतात, हे खरं आहे. तसं थंडी खाल्लेली हेलेबोरची कुंडी कुणी थंड प्रदेशातून आणली आणि पुण्या-मुंबईच्या हॉटेलात डिसेंबरला विकली, तर विकली जाईलही. पण तो व्यापार झाला. झाड पुढच्या वर्षी तुमच्या शेतात परत फुलणार नाही, दरवर्षी नवीन आणावं लागणार. बहुवार्षिक म्हणून घेतलेलं झाड एका हंगामात संपणार असेल तर सात लाखाची ती गुंतवणूक कसली, तो एका हंगामाचा जुगार.

काश्मीरच्या खोऱ्यात, हिमाचल-उत्तराखंडच्या वरच्या भागात गोष्ट वेगळी. तिथं हिवाळा हिवाळ्यासारखा असतो आणि उन्हाळाही मवाळ. तिथल्या शेतकऱ्यानं दहा झाडं लावून बघावीत, माझी काही हरकत नाही. महाबळेश्वरवाले लगेच हात वर करतील. वेण्णा लेकच्या कडेला एखाद्या पहाटे दव गोठतं, खरं आहे. पण एक-दोन पहाटा गोठल्या म्हणजे दोन महिन्यांचा गारवा मिळाला असं होत नाही. आणि तिथला पावसाळा तर तुम्हाला माहीतच आहे.

आणखी तीन गोष्टी, ज्या जाहिरातीत नसतात.

एक, हे झाड विषारी आहे. मूळ, पान, बी, सगळं. हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात आहेत. रस लागला तर कातडीची आग होते, तिकडं हातमोजे घालून काम करतात. आपल्या बांधावर शेळ्या सुटतात, लेकरं खेळतात. हे आधी कळलं पाहिजे.

दोन, तोडलेलं फूल कोवळं असलं की फुलदाणीत मान टाकतं. मधले पुंकेसर गळून बीजकोश फुगायला लागल्यावर तोडलं तर टिकतं. फूल खाली वाकलेलं असतं, हारात ओवायचं नाही, किलोवर जायचं नाही. गुलटेकडीच्या बाजारात कुठल्या गाळ्यावर ठेवणार?

तीन, परदेशातून रोप आणायचं तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना लागतो आणि त्या देशाचा रोग-किडीबाबतचा दाखला लागतो. विकणाऱ्याकडं हे दोन कागद मागा. बाहेरच्या मावा-विषाणूची जोखीम पाच गुंठ्यापुरती राहत नाही, ती शेजाऱ्याच्या बांधावर जाते.

मी हे लिहिलं म्हणून कुणी म्हणेल, आबा नवीन पिकाच्या विरोधात आहेत. तसं नाही. आमच्या बापानं शेवंती लावली तेव्हा लोक त्यालाही हसले होते. पण शेवंती चालली, कारण तिची मागणी आपल्याकडं पुरी होते. शेवंतीची कळी धरते ती रात्र लांब झाली की, आणि लांब रात्र पुरंदरात फुकट मिळते. म्हणूनच पॉलिहाऊसवाला कळी लांबवायला रात्री दिवे लावतो, आणि कळी लवकर पाहिजे असेल तर काळं कापड ओढतो. दिवा आणि कापड आपल्या आवाक्यातलं आहे. दोन महिन्यांचा युरोपचा हिवाळा आपल्या आवाक्यातला नाही. नवीन पीक निवडताना बघायचं ते एवढंच, की त्या झाडाची मागणी आपलं आभाळ फुकट पुरवतं, का त्यासाठी आपल्याला दर महिन्याला वीजबिल भरावं लागणार.

म्हणून कुठलंही नवीन रोप घ्यायच्या आधी विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा. कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.

१. ह्याची कळी कशानं धरते? थंडीनं, रात्रीच्या लांबीनं, पाण्याच्या ताणानं, का नुसत्या वयानं?

२. थंडी लागत असेल तर किती अंशाखाली आणि किती आठवडे? दिवसा किती चालेल?

३. मे महिन्यात आणि जुलैमध्ये ह्याचं काय होतं? माझ्या तालुक्यासारख्या गावात दोन उन्हाळे काढलेलं झाड दाखवता का?

४. लावल्यापासून पहिलं विकण्यासारखं फूल किती महिन्यांनी?

ज्याला तिसऱ्या प्रश्नावर झाड दाखवता येत नाही, त्याला पैसे देऊ नका. फोटो दाखवला तर विचारा, हा फोटो कुठल्या गावचा आणि कुठल्या महिन्याचा.

आणि कृषी खात्यातल्या, विज्ञान केंद्रातल्या जाणकार मंडळींना एक विनंती. तुमच्या शिफारशीत आम्हाला किमान आणि कमाल तापमान मिळतं. त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा, 'फुलोऱ्यासाठी गारव्याची गरज'. पिकाला असेल तर आठवडे लिहा, नसेल तर 'नाही' लिहा. एका रकान्यानं किती तरी पोरांचं कर्ज वाचेल. सफरचंद घ्या, ट्युलिप घ्या, हेलेबोर घ्या, दरवर्षी एक नवीन फोटो येतोय आणि प्रश्न तोच आहे.

तुमच्याकडूनही एक काम. घरात पाच-सातशे रुपयाचं साधं किमान-कमाल तापमापक आणा, सावलीत टांगा, आणि ह्या नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत रोजची पहाट आणि दुपार लिहून ठेवा. शेजारी शेवंतीची पहिली कळी, आंब्याचा मोहर, कांद्याचा पहिला डेंगळा, ह्यांच्या तारखा लिहा. दोन-तीन वर्षं झाली की आपल्या शेताला थंडी किती मिळते ते आपल्याला कुणापेक्षाही जास्त माहीत असेल.

त्या पोरानं अजून पैसे भरलेले नाहीत. मी त्याला सांगितलंय, हौस असेल तर दोन रोपं घे, सातशे रुपये जाऊ दे, पण शेळीपासून लांब ठेव आणि दोन उन्हाळे काढू दे. तोवर त्या पाच गुंठ्यात झिपरी शेवंती लाव, तिचं बेणं मी देतो.